आमच्या व्हाळाचा मालक कोण?

संपादक महोदय,

रेड अलर्ट आला की आपल्याकडे दोन बातम्या नक्की होतात, पणजीत 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावर पाणी साचलं ती आणि शाळांना सुट्टी दिली ती. दोन्ही हव्यातच, त्याबद्दल तक्रार नाही. पण गावागावांतल्या वाड्यांवर मध्यरात्री जे पाणी घरात शिरतं आणि सकाळी चहाच्या वेळेपर्यंत उतरूनही जातं त्याचा फोटो कुठेच येत नाही, कारण फोटोवाला पोचेपर्यंत तिथे नुसता चिखल उरलेला असतो. मला त्या पाण्याबद्दल लिहायचंय. पत्र लांब झालंय, जागा नसेल तर कापा, पण व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, आणि मानशीचा, म्हणजे खाडीच्या बांधातल्या दाराचा, भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मी फोंडा तालुक्यात झुआरी नदीच्या बाजूच्या एका गावात राहतो. घराला लागून पिठाची गिरण आहे आणि खाली खाजनात, खाडीलगतच्या शेतात, थोडं सरदचं, म्हणजे पावसाळी, भात करतो. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही, कुणा एका पंचाला किंवा अधिकाऱ्याला कोपऱ्यात घ्यायचं नाहीये आणि हे वाचून तिसवाडीतल्या किंवा सासष्टीतल्या माणसालाही वाटेल की आमच्याच वाड्याचं लिहिलंय.

गेल्या वर्षी जुलैतली गोष्ट. अमावास्या होऊन दोन-तीन दिवस झाले होते. संध्याकाळपासून पाऊस नुसता ओतत होता, पण जुलैत तो ओततोच, आम्ही जेवलो आणि झोपलो. रात्री पावणेतीनला शेजारच्या मावशीने दार बडवलं, "उदक भितर सरलां रे, ऊठ!" मी खाटेवरून पाय खाली सोडला तो थेट पाण्यात. लाईट गेलेली. मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघतो तर चपला, पायपुसणं, मुलाची कंपासपेटी सगळं घरभर तरंगतंय, आणि पाणी दारातून येत नव्हतं, दार तर बंद होतं, ते मोरीतून आणि संडासाच्या भांड्यातून वर येत होतं. तो वास अजून नाकात आहे. आई एक्याऐंशी वर्षांची, तिला मी आणि मुलाने खुर्चीवर बसवून उचललं आणि मावशीच्या घराला वर स्लॅबची खोली आहे तिथे नेऊन ठेवलं. ती एकच गोष्ट परत परत विचारत होती, "देवखोलीत गेलं काय रे?" गेलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं.

मग गिरण. मोटर साडेसात एचपीची, जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवलेली, ती पूर्ण पाण्याखाली. आणि खाली ओळीने लोकांचे डबे. आमच्याकडे लोक डबा ठेवून जातात, वर चिठ्ठी लावलेली असते, नाव आणि काय दळायचं ते, तांदूळ बारीक, नाचणी, पातोळ्यांचं पीठ. चौदा डबे होते. काही उलटे होऊन तरंगत होते, काहींची झाकणं निघालेली, आणि चिठ्ठ्यांवरची शाई धुऊन गेलेली, त्यामुळे कुठला डबा कुणाचा तेही कळेना. भिजलेलं पीठ तिसऱ्या दिवशी आंबतं आणि त्याचा वास चिखलाच्या वासापेक्षाही वाईट असतो. सगळ्यांचं धान्य मी भरून दिलं. काहींनी घेतलं नाही, म्हणाले राहू दे रे, तुझंच एवढं गेलंय. मोटर रिवाइंड करून आली पण पहिल्यासारखी चालत नाही.

सात वाजता पाणी उतरलं. भिंतीवर चुन्याच्या गिलाव्यावर एक मातकट रेघ राहिली, मी टेप लावून मोजली, जमिनीपासून ५३ सेंटीमीटर. आई लग्न होऊन या घरात आली त्याला आता अठ्ठावन्न वर्षं झाली. तिच्या आठवणीत पाणी ओसरीची दुसरी पायरी कधी चढलेलं नाही.

यावर लोक पटकन म्हणतात, पाऊसच तसा पडला, हवामान बदललंय. बदललंय, मी नाही म्हणत नाही. पण गोव्यात जून ते सप्टेंबर सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतोच, आपल्या भाषेत जवळजवळ १२० इंच. हा प्रदेश पावसाला नवीन नाही, आपली घरं, उतरती कौलं, कुळागरातले, म्हणजे पोफळीच्या बागांतले, पाट, शेताचे बांध सगळं त्या पावसाचा हिशोब करूनच केलेलं. २३ जुलै २०२१ आठवून बघा, म्हादई आणि खांडेपारच्या काठाने सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा तालुक्यांत केवढी घरं पडली, मातीच्या भिंती अक्षरशः बसल्या, १९८२ नंतरचा हा सगळ्यात मोठा पूर असं खुद्द मुख्यमंत्री प्रमोद सावंत म्हणाले होते. त्या दिवशीसुद्धा आमच्या घरात पाणी आलं नव्हतं. मग २०२१ नंतर आमच्या वाड्यावर काय बदललं? दोन गोष्टी. एक वरच्या बाजूला आणि एक खालच्या बाजूला.

वरची आधी सांगतो. आमच्या मागून एक व्हाळ जातो. डोंगरावरून उतरतो, कुळागरातून येतो, रस्ता ओलांडतो आणि खाजनात जातो. रस्त्याच्या जागी तो चौदा फूट रुंद होता आणि पाच फूट तरी खोल, त्यावर चिऱ्याचा जुना सांकव होता. रस्ता रुंद करताना सांकव काढला आणि त्या जागी तीन-तीन फुटांचे दोन सिमेंटचे पाईप टाकून वरून भर घातली, हॉटमिक्स केलं. मी फार शिकलेला नाही पण हिशोब मला येतो, रोज करतो. चौदा गुणिले पाच म्हणजे सत्तर चौरस फुटांची वाट होती, तीन फुटी पाईपचं तोंड सात चौरस फूट, दोन पाईप म्हणजे चौदा. सत्तरची वाट चौदावर आणली. त्यातही आत फूटभर गाळ, आणि तोंडाशी माडाच्या झावळ्या, बाटल्या, चिप्सची पाकिटं. पाणी मग मागे फुगतं, आणि मागे आम्ही राहतो.

त्याच्याही वर एक शेत होतं, चार हजार चौरस मीटरच्या आसपास. पावसाळ्यात त्यात अर्धा मीटर पाणी सहज उभं राहायचं, रात्रभर राहायचं आणि दुसऱ्या दिवशी हळूहळू बांधाच्या तोंडातून व्हाळात सुटायचं. चार हजार गुणिले अर्धा म्हणजे दोन हजार घनमीटर, वीस लाख लिटर, दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. एवढं पाणी ते एक शेत एका रात्रीसाठी धरून ठेवत होतं आणि त्याचे कुणी त्याला पैसे देत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ते भरलं. डोंगर कापून काढलेली तांबडी माती ट्रकने आणून टाकली, भोवती कंपाउंड वॉल घातली, आता तिथे प्लॉट आहेत. ते दोनशे टँकर कुठे जातात त्याचं उत्तर माझ्या भिंतीवर ५३ सेंटीमीटरला आहे.

ज्याने शेत विकलं त्याला मी दोष देणार नाही. तो माझ्याच वयाचा, दोन मुली, एकही शेतीत नाही, लावणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, गवे आणि रानडुकरं येतात ती वेगळीच. शेत पडीक ठेवून तो किती वर्षं बसणार? पण विकलं म्हणजे पाण्याची वाटही विकली असं होत नाही, ती त्याची एकट्याची नव्हती. हे त्यालाही माहीत आहे, पाणी आलं त्या दिवशी सकाळी खराटा घेऊन तोच पहिला आला माझं घर धुवायला.

कायदे नाहीत असं नाही. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकायला बंधन घालणारा कायदा २०२३ साली आपल्या विधानसभेने केला. त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घातलं, प्रादेशिक आराखड्यातली 'चूक' दुरुस्त करायची म्हणून, आणि त्यातून भातशेती, बागायत, डोंगरउतार एकेका सर्व्हे नंबरने सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा झोन, होत गेले, शेवटी मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचे नियम रद्द केले. २०२४ ला त्याच कायद्यात झोन बदलू देणारं ३९-अ कलम आलं, त्यावर अजून लोक भांडताहेत. या सगळ्या भांडणात झोन कुठला, सनद, म्हणजे शेतजमिनीवर बांधायची परवानगी, मिळाली का, एनओसी कुणाची एवढंच विचारलं जातं. हे शेत भरलं तर त्यातलं पाणी कुठल्या बाजूने कुणाच्या दारात जाणार, हा प्रश्न कुठल्याही फॉर्मवर नाही. सर्व्हेच्या नकाशावर मोठा नाला असतो, पण बांधातलं पाणी सोडायचं तोंड, कुळागरातला पाट, दोन शेतांमधली पावसाची वाट यातलं काही नकाशावर नाही. ते फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि आमच्या वाड्यावर तशी आता तीन माणसं उरलीत.

पाईपचं काय करायचं म्हणून मी तीन ठिकाणी गेलो. पहिल्या ऑफिसात सांगितलं रस्ता आमचा पण व्हाळ आमचा नाही. दुसऱ्या ऑफिसात म्हणाले आम्ही नदी आणि मोठे नाले बघतो, हा आमच्या यादीत नाही. तिसरीकडे सांगितलं आमच्याकडे गटारं उपसायचा फंड येतो, व्हाळाचा येत नाही. कुणी उद्धट बोललं नाही, एका ज्युनिअर इंजिनिअरने तर चहा पाजला, स्वतःच्या मोबाईलवर फोटो घेतले, आणि खरंच वाईट वाटलं त्याला. पण मी तिन्ही ठिकाणचे कागद घेऊन घरी आलो तेव्हा लक्षात आलं की आमच्या व्हाळाला मालकच नाही. जमिनीच्या एकेका मीटरला एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्यावर नाव आहे, पाच-पाच सात-सात नावं आहेत, आणि ज्यातून अख्ख्या वाड्याचं पाणी जातं त्याच्यापुढे कुणाचंच नाव नाही.

मोठ्या नद्यांचं तसं नाही, हे मान्य करायला पाहिजे. अंजुणे धरणाचे दरवाजे उघडायचे असले की केरी, मोर्ले, पर्ये, साखळीला आधी कळवतात. साखळीत वाळवंटी नदीचं पाणी बाजारात शिरायचं म्हणून भिंत बांधली, पंप बसवले, जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की माणसं तिथे उभी असतात. तिळारी धरणातून पाणी सोडलं की साळ, इब्रामपूर, हसापूरच्या लोकांना त्रास होतो पण निदान तिकडे बघणारं कुणीतरी आहे. पाण्याला बघणारा माणूस असला की फरक पडतो, एवढंच मला त्यातून दिसतं. आमच्या व्हाळाला तो नाही.

आता खालची बाजू.

त्या दिवशी घर धुणं बायको-मुलांवर सोडून मी आठ वाजता खाली बांधावर गेलो, ओहोटी लागली होती. मानस बघायला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो, हल्ली आपल्याच मुलांना माहीत नसतं. खाजन म्हणजे खाडीला लागून असलेली, भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असलेली शेतजमीन, बांध घालून मिळवलेली, सगळ्या गोव्यात मिळून १८ हजार हेक्टरच्या आसपास. त्या बांधात एका जागी चिऱ्याचं बांधकाम असतं आणि त्याला लाकडी दार, ती मानस. ओहोटीला खाडीचं पाणी खाली गेलं की आतलं गोडं पाणी दार ढकलून बाहेर पडतं, भरती आली की बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. लाईट नाही, मोटर नाही, बटण नाही. दिवसातून दोन वेळा आपोआप, शेकडो वर्षं. ज्याने हे पहिल्यांदा केलं त्या माणसापुढे मी हात जोडतो.

त्या सकाळी आमच्या मानशीच्या दारात एक प्लास्टिकची खुर्ची अडकली होती. निळी, एक पाय मोडलेली, लग्नाच्या मांडवात असते तशी, आणि तिला फाटकं जाळं गुंडाळलेलं. दार अर्धवट उघडं राहिलेलं. म्हणजे रात्रभर काय झालं असेल बघा, भरती चढत गेली आणि दार बंदच झालं नाही, खारं पाणी सरळ आत, खाजन काठोकाठ भरलं. आणि वरून डोंगराचं पाणी येतंय त्याला आत जागा नाही. एरवी भरतीच्या पाच-सहा तासांत पावसाचं पाणी खाजनात थांबायचं, ती त्याची थांबायची जागा, ओहोटी लागली की बाहेर. त्या रात्री ती जागा समुद्राने घेतली होती. खुर्ची काढायला आम्हा चौघांना पहार घेऊन तासभर लागला. दार सुटलं तेव्हा पाण्याचा जो आवाज झाला तो मी विसरणार नाही, पांढरं फेसाळ पाणी बाहेर पडायला लागलं आणि आमच्यातला एकजण तिथेच बांधावर बसून रडला, कारण त्याची लावणी होऊन आठच दिवस झाले होते. खारं पाणी लागलेलं रोप चार दिवसांत पिवळं पडतं. कोरगुट असतं तर कदाचित तगलं असतं, आपलं जुनं खाऱ्या जमिनीतलं भात, पण त्याचं बी आता थोड्याच लोकांकडे आहे, मी स्वतःही जया लावलं होतं.

एक खुर्ची. तेवढ्याने वाड्यावरची नऊ घरं पाण्यात गेली. मला त्या खुर्चीपेक्षा वाईट याचं वाटतं की ती तिथे किती दिवस होती ते कुणालाच सांगता आलं नाही, कारण मानस बघायला कुणी जातच नव्हतं.

पूर्वी जायचं. गावकरीचे, कोमुनिदादीचे, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचे, दिवस मी पाहिलेले नाहीत पण वडिलांकडून ऐकलंय, मानस सांभाळायला माणूस नेमलेला असायचा, त्याला वर्षाला भात मिळायचं, आणि पावसाच्या रात्री भरतीच्या वेळी तो कंदील घेऊन बांधावर फेरी मारायचा. बांधाला भोक पडलं तर त्याच रात्री चिखल-गवत घालून बुजवायचं, सकाळची वाट बघायची नाही. गोवा मुक्तीनंतर कूळ कायदा आला, १९६४ ला, तो यायलाच हवा होता, आमच्यासारख्यांना जमीन त्याच्यामुळे मिळाली. बांधाची आणि मानशीची जबाबदारी मग कुळांच्या संघटनांकडे आली. पण शेती करणारे कमी होत गेले तशी संघटनेच्या मीटिंगला माणसं येईनाशी झाली, आता अनेक ठिकाणी वर्षातून एकदा मानशीच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते तेवढंच काम उरलंय. पावणी घेणाऱ्याला मासळी पाहिजे म्हणून तो भरतीला दार उघडं ठेवतो, मग खारं पाणी शेतात जातं, अशी तक्रार कितीतरी गावांत आहे. सगळे तसे नसतात, आमच्याकडे ज्याने घेतली होती तो बिचारा आजारी पडून महिनाभर घरीच होता. पण मुद्दा तोच, दाराकडे बघायची जबाबदारी मासळीच्या पैशाला बांधली की मासळी नसेल त्या दिवशी दाराकडे कोण बघणार? आणि एकदा बांध फुटून दोन-चार वर्षं खारं पाणी आत राहिलं की तिथे खारफुटी येते, तिला हात लावता येत नाही, कायद्याने आणि योग्य कारणाने, मग ते शेत शेत म्हणून संपलं.

भरतीबद्दल तुमच्या पेपरला एक थेट विनंती आहे. मला वाटतं ती होण्यासारखी आहे. हवामान खातं रेड अलर्ट देतं तो चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याची शक्यता असेल तेव्हा. चोवीस तासांचा आकडा. आमचं घर बुडायला चोवीस तास लागत नाहीत, भरतीच्या वेळी तीन तास जोराचा पडला की झालं, आणि तेवढाच पाऊस ओहोटीला पडला तर अंगणसुद्धा भरत नाही. भरती साधारण साडेबारा तासांनी येते, रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, आमास-पुनवेच्या आसपास मोठी असते, आणि आपल्या नद्यांत ती फार आत येते, मांडवीत गांजेपर्यंत, झुआरीत पार सावर्डे-सांगेच्या बाजूपर्यंत. मुरगाव बंदराच्या भरतीचं वर्षभराचं वेळापत्रक आधीच छापलेलं असतं. मग जून ते ऑक्टोबर तुम्ही रोज पावसाचे इंच छापता त्याच्या शेजारी आजची मोठी भरती किती वाजता आणि किती मीटर एवढी एक ओळ छापा की. आत नदीत ती थोडी उशिरा लागते ते लोक आपापलं बघतील. त्या रात्री मला माहीत असतं की भरती अडीचच्या सुमारास आहे, तर मी झोपलो नसतो. मोटर उचलून ठेवली असती. आईला संध्याकाळीच वर नेलं असतं.

ऑक्टोबर मुद्दाम लिहिला. काणकोणात २००९ साली २ ऑक्टोबरला जे झालं ते आठवतंय ना, पाऊस गेला म्हणून सगळे निवांत होते आणि काही तासांच्या पावसाने तळपण आणि गालजीबाग नद्यांच्या काठची गावं चिखलात गाडली. आपल्याकडे पावसापूर्वीची कामं म्हणजे मेअखेर गटारं उपसायची आणि तो गाळ तिथेच काठावर ठेवायचा, पहिल्या मोठ्या सरीत तो परत आत. त्यानंतर पुढच्या मेपर्यंत कुणी बघत नाही. ज्यांना हे काम मिळतं त्यांना हात जोडून सांगतो, गाळ उचलून न्या, अर्धवट काम केलेलं बरं असं या कामात नसतं.

नुकसानभरपाईबद्दल थोडक्यात लिहितो कारण त्यात माझाच वेळ फार गेला. पंचनामा झाला, माणसं आली, फोटो घेतले. पण घर आजोबांच्या नावावर, उताऱ्यावर अकरा नावं, त्यातले तिघे मुंबईत, एक लिस्बनला, सगळ्यांच्या सह्या आणा म्हणाले. गिरणीतल्या लोकांच्या धान्याला तर कुठल्या कॉलममध्ये घालायचं तेच कळेना. विहीर दोनदा उपसून ब्लिचिंग पावडर टाकली, तरी महिनाभर तिचं पाणी प्यायलो नाही, लेप्टोच्या तापाची भीती. वाड्यावर एकाला ताप आला, वेळेवर गोळ्या मिळाल्या, वाचला. पैसे मिळाले नाहीत याचं दुःख आता उरलं नाही. रात्री पाऊस वाढला की आई उठून बसते याचं आहे. ती काही बोलत नाही, खाटेवर पाय वर घेऊन बसते आणि मोरीकडे बघते.

यंदा आम्ही वाड्यावरच्या आठ जणांनी मेमध्ये दोन रविवार घालवून पाईपमधला गाळ काढला. पाईपमध्ये माणूस आडवा होऊन जातो, टोपलीने गाळ मागे देतो. सतरा पोती नुसतं प्लास्टिक निघालं. मानशीचं दार वर काढून बघितलं, एक फळी कुजली होती, ती बदलली, फणसाची घातली. तिघांनी पाळी लावलीय, मोठ्या भरतीच्या रात्री एकजण टॉर्च घेऊन बांधावर जाऊन येतो. पण पाईप दोनच आहेत, ते आम्हाला बदलता येत नाहीत. आणि पाळीतला एकजण ऑगस्टमध्ये बोटीवर जॉईन होतोय.

येत्या रविवारी आमची ग्रामसभा आहे. मी लेखी विषय दिलाय. गावातल्या सगळ्या व्हाळांची, पाटांची आणि पाण्याच्या तोंडांची म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन एकदा चालत पाहणी करायची, ती यादी पंचायतीच्या फळ्यावर लावायची, प्रत्येकापुढे कुठल्या खात्याची जबाबदारी ते नाव लिहायचं आणि एनओसी देताना ती यादी समोर ठेवायची. पाईपच्या जागी परत सांकव किंवा तेवढ्याच रुंदीचा सिमेंटचा चौकोनी बॉक्स घालायचा ठराव घ्यायचा. मानशीवर जाणाऱ्या माणसाला पावसाचे चार-पाच महिने पंचायतीने पगार द्यायचा, जास्त नको, रोजंदारीएवढा, मग तो जाईल आणि गेला नाही तर त्याला विचारता येईल. आमच्या वाड्यावरच्या ज्या तीन म्हाताऱ्या माणसांना वाटा माहीत आहेत त्यातले एक नव्वदीचे आहेत, त्यांना रिक्षात घालून व्हाळाच्या काठाने न्यायचं ठरवलंय, ते तयार आहेत, कालच विचारून आलो.

ती निळी खुर्ची मी टाकलेली नाही, गिरणीच्या मागे ठेवलीय. रविवारी घेऊन जाणार आहे, कारण तोंडाने सांगितलं की लोकांना मानशीचं पटत नाही.

पुढच्या आठवड्यात आमास आहे, रात्रीची भरती मध्यरात्रीच्या आसपास येईल. तुमच्या पेपरात ती वेळ त्या दिवशी छापता आली तर बघा.

आपला एक वाचक,
तालुका फोंडा